कोडगूची बंदूक

२००७ च्या ऑगस्टमध्ये कुपवाड्याहून माझी बदली मडिकेरीला झाली. एनसीसी बटालियनमध्ये पीआय स्टाफ. फॅमिली गावाकडेच होती, म्हणून मी एका कॉफीच्या मळ्याला लागून असलेल्या घरात खोली घेतली. घरमालक फौजेतूनच निवृत्त झालेले ऑनररी कॅप्टन, वय पंच्याहत्तरच्या पुढे. मी त्यांना साहेब म्हणायचो, ते मला उस्ताद म्हणायचे. बोलणं फौजी हिंदीत.

आठवा-नववा दिवस असेल. रात्री पाऊस नुसता कोसळत होता आणि अकराच्या सुमाराला लागोपाठ दोन बार झाले. मी पलंगावरून कधी खाली उतरलो आणि भिंतीला कधी चिकटलो ते माझं मलाच कळलं नाही. कुपवाड्याची सवय अंगात होती. डाव्या हाताने रायफल चाचपत होतो, आणि रायफल कुठली असायला? तेवढ्यात कॅप्टनसाहेब कंदील घेऊन व्हरांड्यात आले. माझा अवतार बघून हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. एवढंच म्हणाले, "उस्ताद, आराम से. खालच्या वाडीत कोणीतरी गेलं. दोन बार म्हणजे मयत. मुलगा झाला की एक."

मी अठरा वर्षांचा असताना भरती झालो. तेव्हापासून बंदूक म्हणजे कोत. कोतचं रजिस्टर, बट नंबर, सही, संध्याकाळी पुलथ्रू आणि चिंधी, आणि एक हत्यार मोजणीत कमी आलं तर सगळ्या बटालियनची झोप उडाली म्हणून समजा. आणि इथे लोक बंदुकीने जन्म-मृत्यूची खबर देत होते. आपल्याकडे गावात कोणी गेलं तर माणूस धाडतात, तसं.

सकाळी चहाला त्यांनी दोन बंदुका दाखवल्या. एक दुनळी बारा बोर. दुसरी त्यांच्या आज्याची, ठासणीची, जवळजवळ माझ्या खांद्याएवढी लांब. मी सवयीने विचारलं, "साहेब, लायसन कुठल्या जिल्ह्याचं?" ते म्हणाले, "लायसन नाही."

मी कप खाली ठेवला.

कोडगूबाहेरच्या वाचकांना हे माहीत नसण्याची शक्यता जास्त, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. आपल्या देशात बंदूक ठेवायची तर परवाना लागतो, १९५९ चा शस्त्र कायदा तसं सांगतो. पण याच कायद्याच्या ४१ व्या कलमाखाली केंद्र सरकारला काही लोकांना सूट देता येते. त्या सुटीत कोडगूतले कोडव लोक आणि तिथले जम्मा जमीनधारक येतात. परवाना न काढता एक रायफल आणि शंभर गोळ्या, शिवाय एक गुळगुळीत नळीची बंदूक आणि पाचशे काडतुसं, किंवा तेवढ्याच मापाची दारू आणि शिसं त्यांना बाळगता येतं. जम्मा म्हणजे वंशपरंपरेची जमीन. हालेरीच्या राजांच्या काळात लढाईला हजर राहायचं आणि त्याबदल्यात कमी साऱ्यावर जमीन कसायची, अशी ती रीत. आपल्याकडच्या वतनासारखीच म्हणा. म्हणजे जमीन आणि हत्यार एकाच गाठीने बांधलेलं. ज्याची जमीन त्याची बंदूक, आणि बंदूक नसेल तर जमीन कशाच्या जोरावर?

इंग्रजांनी १८३४ मध्ये कोडगू घेतलं, शेवटच्या राजाला गादीवरून उतरवलं. पुढे १८५७ झालं. बंडाने इंग्रज इतका हादरला की हिंदी माणसाच्या हातात हत्यार राहू द्यायचं नाही, असं त्याने ठरवूनच टाकलं. १८५७ मध्ये एक कायदा, १८६० मध्ये दुसरा. हा दुसरा कायदा कोडगूला लागू व्हायची वेळ आली तेव्हा म्हैसूरचा कमिशनर मार्क कब्बन होता. बंगळूरचं कब्बन पार्क ज्याच्या नावाचं, तोच. २६ फेब्रुवारी १८६१ ला त्याने जाहीर केलं की कोडव लोक इंग्रज सरकारशी निष्ठेने वागले, म्हणून मानाची खूण म्हणून त्यांना नि:शस्त्रीकरणातून वगळलं आहे. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत हा कब्बन विलायतेच्या वाटेवर सुएझला वारला. त्याचा हुकूम मात्र अजून जिवंत आहे.

चहा घेता घेता मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा, खरं सांगतो, मनात थोडी कळ उठली. त्याचं कारण माझ्या घरात आहे.

आमच्या घरी खंडेनवमीला देवघरासमोर पाट मांडतात. त्यावर विळा, कोयता, कुऱ्हाड, पहार, आजोबांची लोखंडी कांब लावलेली काठी आणि एक शिंग. बैलाच्या शिंगापासून केलेलं, तोंडाला पितळेचं बूच. हे दारू भरून ठेवायचं शिंग. (बंदुकीची दारू. आमच्या चुलत्यांना दर वर्षी हा खुलासा करावा लागतो.) ठासणीच्या बंदुकीला नळीतून मोजून दारू ओतायची, वर चिंधी, मग शिशाची गोळी किंवा छरे, आणि गजाने ठासायचं. त्यातली दारू ठेवायचं भांडं आमच्याकडे आहे. बंदूक नाही. आजोबांना विचारलं की ते म्हणायचे, "इंग्रजानं नेली." कधी, कुठे, पावती दिली का, काही ठाऊक नाही. बंदूक गेली आणि शिंग राहिलं, कारण शिंग काही हत्यार नव्हे.

लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्र कायदा झाला आणि सगळ्या हिंदुस्थानाला हीच गोष्ट पक्की करून सांगितली गेली. हिंदी माणसाने परवाना काढायचा. युरोपियनाला परवान्याची गरज नाही. म्हणजे जंगलात शिकारीला निघालेल्या गोऱ्या साहेबाच्या खांद्यावरची रायफल हा त्याचा छंद, आणि त्याच्यासाठी रान उठवणाऱ्या गावकऱ्याच्या घरातली ठासणीची बंदूक हा गुन्हा. पुढच्याच वर्षी आपल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशी, कोळी, धनगर गोळा करून उठाव केला, तो तलवारी, भाले आणि हाताला लागतील तेवढ्या बंदुकांवर. १८८७ मध्ये मद्रासला काँग्रेसचं तिसरं अधिवेशन भरलं, तिथे या कायद्यात बदल करा असा ठराव आला. आणि अहिंसेचे गांधीजी? १९१८ मध्ये खेड्यात ते फौजेची भरती करत फिरत होते, तेव्हाच्या पत्रकात त्यांनी लिहिलं की अख्ख्या राष्ट्राची हत्यारं काढून घेणारा हा कायदा इतिहासात इंग्रजांचं सर्वांत काळं कृत्य ठरेल. हे वाक्य अमेरिकेतले बंदूकवाले आता आपल्या सोयीने छापतात. मूळ संदर्भ भरतीचा होता हे सोडून देतात. असो.

तर कॅप्टनसाहेबांना मी एक दिवस हे बोललो. म्हटलं, साहेब, वाईट वाटून घेऊ नका, पण तुमची बंदूक म्हणजे इंग्रजाने दिलेलं बक्षीस. आमची त्याने नेली आणि तुमची ठेवली, कारण तुम्ही त्या वेळी त्याच्या बाजूला उभे होता.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं, आता खोली खाली करावी लागणार. मग म्हणाले, "उस्ताद, इंग्रजाने आम्हाला बंदूक दिली नाही. ती आधीपासून होती. त्याने ती काढून घेतली नाही, एवढंच."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पुरतं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या मनातली कळ जरा सरकली. प्रश्न कोडवांना का मिळालं हा नव्हता, बाकीच्यांचं का गेलं हा होता.

३ सप्टेंबरच्या सुमाराला कैल पोळ्द येतो. कैल म्हणजे हत्यार, पोळ्द म्हणजे सण. भाताची लावणी उरकलेली असते, बैलांना विश्रांती, नांगर धुऊन ठेवलेला. म्हणजे आपला पोळा आणि खंडेनवमी एकाच दिवशी. घरातल्या बंदुका, तलवारी, कट्यारी धुऊन-पुसून देवाच्या खोलीत मांडतात, गंध लावतात आणि बंदुकीच्या नळीच्या तोंडात एक फूल खोवतात. त्या फुलाला ते तोकपू म्हणतात, म्हणजे बंदुकीचं फूल. मी पाहिलं तर आपली कळलावी! लाल-पिवळी, ज्वाळेसारखी. आपल्याकडे ही घरात आणली तर भांडणं लागतात असं आई म्हणायची. तिथे ती बंदुकीच्या तोंडात.

पूजा झाली, जेवण झालं (कडंबुट्टू म्हणजे तांदळाचे गोळे आणि पंदी करी, डुकराचं मटण मी पहिल्यांदाच खाल्लं, घरी कळवलं नाही). मग घरातल्या वडीलधाऱ्याने बंदुका एकेकाच्या हातात दिल्या आणि सगळे गावाच्या मैदानाकडे निघाले. एका उंच झाडाच्या शेंड्याजवळ नारळ बांधला होता. तो फोडायचा. पूर्वी या दिवशी शिकारीला जायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली आणि नारळावर भागलं. मला यात काही कमी वाटलं नाही. वाघ मारायला धैर्य लागत असेल, पण वाऱ्यावर हलणाऱ्या फांदीवरचा नारळ पाडायला जे लागतं ते मी आयुष्यभर रिक्रूटांना शिकवत आलोय.

त्याला फौजेत शिस्त म्हणतात. "दुरुस्त पकड, दुरुस्त शिस्त, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन." आमच्या सेंटरला पहिल्यांदा उस्तादाने "शिस्त लो" म्हटलं तेव्हा आम्ही मराठी पोरं ताठ उभी राहिलो होतो, हा किस्सा पूर्वी लिहिला आहे. नंतर कळलं की चूक उस्तादाची नव्हती. शब्द फारसीतून आलेला, आणि जुन्या मराठीतही शिस्त धरणं म्हणजे नेम धरणंच. नेमाच्या सरळ रेषेवरून रांगेची सरळ रेषा आली आणि मग शाळेतल्या बाईंच्या हातातली छडी. मूळ अर्थ आपण विसरलो, कारण धरायला बंदूकच राहिली नाही, असं मी गमतीने म्हणतो. भाषाशास्त्री मंडळींनी रागावू नये.

मैदानावर पोरं, म्हातारे, आणि बायकासुद्धा. साडीतली एक साठीची बाई आली, बारा बोर खांद्याला लावली, अर्धा श्वास सोडला आणि नारळाचं पाणी खाली उडालं. कोणी फार टाळ्याही वाजवल्या नाहीत, जणू तिने दळण आणलं. मग कॅप्टनसाहेबांनी दुनळी माझ्या हातात दिली. म्हणाले, "उस्ताद, मराठ्यांची इज्जत."

कोतच्या रजिस्टरवर सही न करता हातात घेतलेली ती माझी पहिली बंदूक. वजनाने आमच्या रायफलीपेक्षा हलकी, दस्ता एकाच जागी झिजलेला, जिथे तीन पिढ्यांचे गाल टेकले होते. मला रायफलची सवय. मागची साइट, पुढची साइट, आणि निशाण. इथे मागची साइट नाहीच, फक्त पुढे एक पितळी मणी. पहिला बार वर गेला. दुसरा फांदीला लागला. नारळ तसाच डुलत राहिला. पोरं हसली, ती माझ्याच एनसीसीची कॅडेट होती. सोमवारी परेडला त्यांना पॉइंट टू टूचं ग्रुपिंग शिकवताना माझा आवाज नेहमीपेक्षा थोडा चढलाच असेल.

त्या पॉइंट टू टूबद्दलही सांगायला हवं, कारण आपल्यातल्या बहुतेकांचा बंदुकीशी पहिला संबंध तिथेच येतो. छंद म्हणून नेमबाजी करायची तर या देशात दार तेच: एनसीसी, नाहीतर रायफल क्लब. नॅशनल रायफल असोसिएशन १९५१ मध्ये स्थापन झाली, ती लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकाराने. घराणं मूळचं रत्नागिरीकडचं, आयुष्य अहमदाबादेत, सत्याग्रहात तुरुंगात गेलेला गांधीवादी माणूस. आज कुठल्याही नेमबाजाला विचारा, तो म्हणेल "यंदा मावळंकर खेळलो", जणू मावळंकर हा एक सामना आहे. आहेच. पण त्यामागे असा एक माणूस होता, आणि ज्यांची हत्यारं गेली त्या लोकांच्या हातात खेळापुरती तरी रायफल यावी असं त्याला वाटलं, हे मला फार मोठं वाटतं. आपल्या अंजली भागवत एनसीसीतूनच पुढे आल्या. आणि २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे जिंकला, तेही याच पॉइंट टू टूवर, पन्नास मीटरवरून.

घरी हक्काने बंदूक ठेवायची गोष्ट मात्र राहून गेली. ती राहून गेली असंही म्हणता येणार नाही, विचार करून सोडली. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णु कामतांनी तो राज्यघटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला. मागणी होती ती परक्या सरकारने नि:शस्त्र केलं म्हणून, ती परिस्थिती आता राहिली नाही, आणि जो तो बाजारातून हवं ते हत्यार आणू लागला तर राज्य चालायचं कसं, असा त्यांचा मुद्दा. दुरुस्ती पडली. मी दहा वर्षं अशा भागात काढली आहेत जिथे घराघरात रायफल निघायची, त्यामुळे बाबासाहेबांचा मुद्दा मला पटवून घ्यावा लागत नाही. पण कामतांचं मांडणंही फुकट नव्हतं, असं खंडेनवमीला ते शिंग पुसताना वाटतं.

इंग्रजाची भीती कायद्यातून आपल्या काडतुसांत कशी उतरली, तेही बघण्यासारखं आहे. फौजेच्या बंदुकीची गोळी बंडखोराच्या हाती लागू नये म्हणून १९०७ मध्ये .४५० बोरावर हिंदुस्थानात बंदी आली, तेव्हा विलायतच्या कारखानदारांनी साहेबांच्या शिकारीसाठी .४७० सारखे नवे बोर काढले. .३०३ तर फौजेची, ती नागरिकाला नाहीच. म्हणून नागरिकासाठी .३१५. ईशापूरच्या फॅक्टरीत बनलेली ही रायफल हातात घ्या, बोल्ट मागे ओढा. ज्याने .३०३ चालवली आहे त्याचा हात लगेच ओळखेल की हे तर ली-एनफिल्डचंच यंत्र. फक्त नळी आणि काडतूस वेगळं, मूळ ऑस्ट्रियाच्या मानलिखर जातीचं, आठ मिलिमीटरचं. इंग्रज गेला, .३१५ राहिली. तिच्या काडतुसाच्या बुडावर "८ एमएम केएफ" कोरलेलं असतं. केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली पुण्याची खडकी.

हा खडकीचा शिक्का पुढे माझ्या रोजच्या ओळखीचा झाला. २०१५ ला पेन्शन आलो. आपल्यातल्या कित्येकांप्रमाणे मीही बँकेत गार्ड लागलो. त्यासाठी स्वतःची बंदूक हवी, म्हणून परवाना. चोवीस वर्षं सरकारनेच माझ्या हातात रायफल, एलएमजी, रॉकेट लाँचर दिलं, आणि आता एक एकनळी बारा बोर मिळावी म्हणून मी चारित्र्याचा दाखला घेऊन रांगेत उभा होतो. माझ्या पुढचा, मागचा, दोघेही आपलेच. एक तर पॅरा एसएफचा. कारकुनाने त्याला विचारलं, "बंदूक चालवता येते का?" तो शांतपणे म्हणाला, "शिकेन." चौदा महिने लागले. तक्रार नाही, नियम आहे आणि असावा. पण छंद वगैरे शब्द आम्हा लोकांसाठी नाहीत. ज्याला हजारो राउंड फायर करायची सवय आहे त्याची बंदूक वर्षभर बँकेच्या दारात त्याच्या खांद्याला लटकते आणि एकही काडतूस वाजत नाही.

कोडगूच्या सुटीवरही वाद झाला. एका जातीला, एका जिल्ह्याला वेगळा न्याय का, म्हणून फौजेतूनच निवृत्त झालेल्या एका कॅप्टनने कर्नाटक उच्च न्यायालयात दाद मागितली. दरम्यान २०१९ मध्ये केंद्राने सूट २०२९ पर्यंत दिली, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने ती योग्य ठरवली: ही परंपरा स्वातंत्र्याआधीपासूनची, सूटही सरसकट नाही, तिला अटी आहेत. निकालाच्या दिवशी मी कॅप्टनसाहेबांना फोन केला. नव्वदीला टेकले होते, ऐकू कमी यायचं. म्हणाले, "त्या कॅप्टनचं चुकलं नाही. प्रश्न विचारायलाच हवा." मग थोडं थांबून, "पण आमचा नारळ अजून झाडावर आहे. ये."

जाणं झालं नाही.

२०१९ ची एक गोष्ट सांगायची राहिली. त्या वर्षी घरात पहिल्यांदा खंडेनवमीला शिंगाशेजारी बंदूक मांडायची असं मी ठरवलं होतं. बँकेची नोकरी आदल्या वर्षी सुटली होती, त्यामुळे बंदूक घरातच. धाकट्या मुलीने शेताच्या बांधावरून कळलावीची दोन फुलंही आणली, आईची नजर चुकवून. पण सप्टेंबरच्या २१ तारखेला विधानसभेची आचारसंहिता लागली आणि परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा निरोप आला. मी जमा केली, पावती घेतली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटावर विळा, कोयता, कुऱ्हाड, पहार, काठी आणि शिंग. मुलीने विचारलं, "बाबा, बंदूक कुठे?"

आमच्या चुलत्यांनी मी तोंड उघडायच्या आत उत्तर दिलं, "सरकारनं नेली." आणि मी खिशातून पावती काढून शिंगाशेजारी ठेवली, तिच्यावर एक फूल.